यंत्राच्या कानात सांगितलेलं खोटं

जे वाक्य कुठलाही माणूस वाचणार नाही, ते खोटं असलं तर बिघडतं का?

प्रश्न पुस्तकी वाटेल. पण माझ्या कामात तो वरचेवर समोर येतो. मी वेबसाइट बनवतो. वेबसाइटवर फोटो टाकला की त्याच्याबरोबर एक छोटं वाक्य लिहिण्याची सोय असते. पानावर ते दिसत नाही, कोडमध्ये लपलेलं असतं. त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात, म्हणजे चित्राऐवजीचा मजकूर. तुम्ही आत्ता मोबाइलवर बोट फिरवताय, दिवसभरात अशी शेकडो वाक्यं तुमच्या बोटाखालून निघून जातात आणि तुम्हाला एकही दिसत नाही. सर्च इंजिनला मात्र ती दिसतात. फोटोत काय आहे हे ठरवताना ते फोटो तपासतं, आजूबाजूचा मजकूर बघतं, फाइलचं नाव बघतं आणि हे लपलेलं वाक्यही वाचतं. त्यामुळे एसईओ करणाऱ्यांसाठी ही मोक्याची जागा आहे. माणसाला न दिसता यंत्राशी बोलता येतं.

एका सीताफळाच्या हंगामात एका फळविक्रेत्याचं काम माझ्याकडे आलं. पुण्यात बसून ऑनलाइन फळं विकणारा माणूस. वेबसाइटवरचे फोटो विकत घेतलेले, कुठल्या देशातल्या बागेतले कोण जाणे. त्याच्याकडे येणारं फळ होतं ‘गोल्डन’ नावाची मोठ्या आकाराची जात, आणि ते बीडहून येत नव्हतं. त्याची मागणी साधी होती. पानावर फक्त ‘ताजं सीताफळ’ असंच राहू द्या, पण फोटोंच्या ऑल्टमध्ये आणि फाइलच्या नावांत ‘बीड सीताफळ’, ‘बालाघाट सीताफळ’, ‘जीआय सीताफळ’ भरा. मी म्हणालो, हे फळ बीडचं नाही. तो म्हणाला, “मी पानावर कुठं म्हणतोय बीडचं आहे म्हणून? आणि ते आतलं वाचतंय कोण?”

मी ते काम केलं नाही, दुसऱ्या कुणीतरी केलं असेल. पण त्याचा प्रश्न हुशार होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं, असं मला वाटत राहिलं. कारण त्यानं कायदा आणि नीती यांच्यामधली फट अचूक हेरली होती. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटाच्या डोंगरउतारावर, मुरमाड जमिनीत, पाणी न देता वाढणारं हे फळ आकारानं लहान, बियांनी भरलेलं आणि गोडीला असं की बाकीची सीताफळं नंतर पाणचट लागतात. (मी बीडचा आहे, त्यामुळे या वाक्याला थोडी सूट द्या.) मानांकनाचा कायदा १९९९ चा. दुसरीकडच्या मालाला हे नाव लावलं तर त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण हे नाव पेटीवर न छापता, पानावर न लिहिता, फक्त यंत्राच्या कानात सांगितलं तर? तर ते नाव ‘लावलं’ असं म्हणायचं का? वकिलांना यावर भांडू द्या. मला कायद्यापलीकडचं विचारायचं आहे. ते खोटं आहे का?

त्याच्या बाजूनं जितकं म्हणता येईल तितकं आधी म्हणून बघू. खोटं बोलायला समोर कुणीतरी लागतं, ज्याची समजूत आपण चुकीची करून देतो. भिंतीशी बोललेलं खोटं हे खोटं नसतं. सर्च इंजिन म्हणजे भिंतीपेक्षा फार तर जास्त वेगानं गणित करणारी वस्तू. तिला समजूत नाही, विश्वास नाही, त्यामुळे विश्वासघातही नाही. ती शब्द मोजते, आपण तिला शब्द देतो. यात नीतीचा प्रश्न येतो कुठे?

येतो, आणि तो कुठे येतो हे आमच्याकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारलं तर तो एका शब्दात सांगेल : काटामारी. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाची गाडी उभी राहते. काटा आधीच फिरवून ठेवलेला असेल तर दोन टन ऊस हवेत विरतो. काट्याला मन नाही. काट्याची काही समजूत होत नाही. पण काटामारी झाली तर काटा फसला असं कुणी म्हणत नाही, शेतकरी फसला असंच म्हणतात. काटा ही दोन माणसांच्या मधे ठेवलेली वस्तू आहे आणि तिच्याशी केलेली लबाडी तिच्यात थांबत नाही. ती आरपार जाऊन पलीकडच्या माणसाला लागते. ‘बीड सीताफळ’ असं टाइप करणारी मुंबईतली एखादी बाई, जिचं माहेर धारूरचं आहे आणि जिला तीच चव हवी आहे, ती पलीकडे उभी आहे. आणि तिच्या मागे, तिला न दिसणारा, धारूरचाच एखादा माणूस उभा आहे. पहाटे डोंगरावरून पाट्या भरून आणणारा. त्याच्या फळाचं नाव वापरून त्याचंच गिऱ्हाईक दुसरीकडे वळवलं गेलं.

म्हणजे विक्रेत्याचं ‘वाचतंय कोण’ हे अर्धंच खरं आहे. वाचत कुणी नाही, पण त्या वाक्यामुळे कुणीतरी कुठेतरी पोचतंय.

आणि अर्धंसुद्धा खरं नाही. कारण ते वाक्य ऐकणारी माणसं आहेत.

कॉलेजात होस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत एक मित्र होता, त्याला दिसत नाही. तो फोन कानाशी धरून वेबसाइट ऐकायचा. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक असतं, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं. ही सॉफ्टवेअर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतात. त्याचा वेग इतका असायचा की मला ती भाषा मराठी आहे की इंग्रजी हेच कळायचं नाही. चित्र आलं की स्क्रीन रीडर ऑल्ट वाचतो. ऑल्ट ही सोय मुळात अशाच लोकांसाठी आणि चित्रं दिसू न शकणाऱ्या ब्राउझरसाठी आली. १९९३ मध्ये मार्क आंद्रेसननं वेबपानात चित्र टाकण्याची खूण सुचवली, १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ऑल्टची जागा नोंदली गेली आणि १९९९ साली अपंगांसाठीची वेबची पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली तेव्हा त्यातला पहिलाच मुद्दा हा होता की दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला शब्दांचा पर्याय द्या. सर्च इंजिनवाले नंतर आले. दुसऱ्यासाठी ठेवलेल्या ताटावर येऊन बसावं तसे आले.

मित्र एकदा एका दुकानाची वेबसाइट ऐकत होता. एकाच फोटोसाठी त्याला जे ऐकू आलं ते साधारण असं : “बेस्ट शूज, बेस्ट शूज पुणे, स्वस्त शूज, शूज ऑनलाइन, बेस्ट स्वस्त शूज पुणे ऑनलाइन.” पुढच्या फोटोला पुन्हा तेच. त्याला फक्त बुटाचा रंग हवा होता. तो हसत म्हणाला, “बुटाला लेस आहे का नाही ते सांगायला कुणाला वेळ नाही, पण पुण्यात आहे हे सहा वेळा सांगतायत.” गुगल स्वतः अशा शब्दांच्या भरतीला नको म्हणतं, पण माझा मुद्दा गुगलच्या नियमाचा नाही. ज्या जागी आंधळ्या माणसाला चित्र सांगायचं, त्या जागी उभं राहून आपण त्याच्या डोक्यावरून कुणा तिसऱ्यालाच हाका मारतोय. तो तिथं आहे हेच आपल्या गावी नाही.

धर्मराजाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणांना सांगताना धर्मराजानं ‘अश्वत्थामा’ मोठ्यानं म्हटलं आणि ‘हत्ती’ हळू. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली आला. त्यानं खरं हळू सांगितलं होतं. माझ्या क्लाएंटला खरं मोठ्यानं सांगून खोटं हळू सांगायचं होतं. उलटा क्रम आहे, पण युक्ती तीच. कुणाला काय ऐकू जाईल हे आधी ओळखून आवाज कमी-जास्त करायचा आणि नंतर म्हणायचं, मी तर सगळं बोललो होतो.

यावरून कुणाला वाटेल की मी एसईओच्या विरोधात आहे. माझं पोट त्यावर आहे. आणि सापडण्यासाठी केलेल्या धडपडीत मुळात वाईट काही नाही. उलट मराठीत ही धडपड फारच कमी होते. आंबेजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीनं लांबलचक कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढला. अक्षरंच अक्षरं. पण त्या पासोडीचा फोटो काढून ‘IMG’ असल्याच काहीतरी नावानं टाकून दिला की यंत्राच्या लेखी तिथं एक मळकट कापड उरतं, आणि माझ्या मित्राच्या लेखी तेवढंही नाही. अक्षरांचा ग्रंथ फोटो झाल्याबरोबर मुका होतो. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो तसेच चढवलेल्या कितीतरी मराठी वेबसाइट आहेत. फाइलच्या नावात ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे, ऑल्टची जागा रिकामी. फोटोवरच लिंक असेल तर स्क्रीन रीडर बऱ्याचदा ते आकडे एकेक करून वाचतो. मराठी पत्रकं आणि आदेश अजूनही जुन्या फाँटमध्ये टाइप होऊन येतात. पडद्यावर देवनागरी दिसतं, कॉपी केलं की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. तो मजकूर कुठल्याच शोधात सापडत नाही. अशा ठिकाणी फोटोला नीट नाव देणं, ऑल्ट लिहिणं, युनिकोडमध्ये टाइप करणं हेही एसईओच, आणि तेच आंधळ्या माणसासाठीही. दोन्ही कामं एका वाक्यात होतात. ते वाक्य खरं असलं की झालं.

लिंकचा मामला थोडा वेगळा आहे. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या सर्च इंजिनवर निबंध लिहिला. त्यातली कल्पना अशी की एखादं पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा दुसरी पानं त्याच्याकडे किती बोट दाखवतात हे मोजा. आणि बोट दाखवणारं पान स्वतः किती वजनदार आहे तेही मोजा. शिवाय लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते ते शब्द, ती जिथं पोचते त्या पानाचं वर्णन म्हणून धरा. आमच्याकडे सोयरीक जुळवताना हेच करतात. मुलाच्या घरच्यांना काय विचारायचं, ते चांगलंच सांगणार. शेजाऱ्याला विचारा, गावातल्या मास्तरला विचारा. मास्तरच्या शब्दाला जास्त वजन, कारण मास्तर सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही.

म्हणजे लिंक ही साक्ष आहे. आणि साक्षीला किंमत आली की तिचा बाजार होतो. काही हजारांत लिंक मिळतात. कुणी लिहिलेले, कुणीही न वाचणारे लेख असतात, त्यांच्या मधोमध ‘बेस्ट सीताफळ’ या दोन शब्दांवर लिंक टोचलेली असते. २००५ मध्ये ‘ही लिंक माझी शिफारस नाही’ असं यंत्राला सांगण्याची खूण आली, २०१२ मध्ये गुगलनं विकतच्या लिंकवाल्यांना खाली ढकलणारा मोठा बदल केला, २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी वेगळी खूण आली. बाजार चालूच आहे. मला यात ऑल्टपेक्षा जास्त खटकतं ते हे की साक्ष देणाऱ्याचं यात काहीच पणाला लागत नाही. बँकेत कुणाला जामीन राहणारा माणूस रात्रभर तळमळतो, कारण समोरचा बुडाला तर हप्ता आपल्या पगारातून कापला जाणार. विकत लिंक देणाऱ्याची झोप उडत नाही. त्याला आपण कुणाला जामीन राहिलो हेही आठवत नाही.

ब्रिन आणि पेज यांनी त्याच निबंधात असंही लिहून ठेवलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच. पुढे त्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

इथवर मी लिहिणाऱ्याबद्दल बोललो, जो म्हणतो ‘मी फक्त यंत्राशी बोललो’. त्याचा जुळा भाऊ पलीकडच्या बाजूला आहे. तो म्हणतो, ‘फक्त यंत्र बोललं, मी नाही.’ या दुसऱ्या वाक्याची किंमत आमच्या जिल्ह्यात फार मोजली गेली आहे.

२००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७. महाराष्ट्रात हा आकडा सगळ्यात खाली गेला होता. २०१२ मध्ये परळीतल्या एका दवाखान्यात गर्भपाताच्या वेळी एका बाईचा जीव गेला आणि मग देशभरातले कॅमेरे आले. त्याआधीच, २००८ मध्ये, डॉ. साबू मॅथ्यू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. गर्भलिंग निदानाच्या जाहिरातीला कायद्याच्या कलम २२ नुसार बंदी आहे. कागदावर, भिंतीवर, वर्तमानपत्रात ती बंदी पाळली जाते. मग गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनवर ती का पाळली जात नाही? कंपन्यांचं म्हणणं साधारण असं होतं की आम्ही मध्यस्थ आहोत. पैसे घेऊन दाखवलेली जाहिरात एक वेळ आमची, पण शोधल्यावर आपोआप वर येणारी पानं आमची नाहीत. यंत्र जे आहे ते दाखवतं.

खटला जवळपास दहा वर्षं चालला. सप्टेंबर २०१६ मध्ये तिन्ही कंपन्यांनी ठरावीक शब्दांचा शोध आला की जाहिराती आपोआप अडवायचं मान्य केलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयानं तक्रारी घेणारी मध्यवर्ती यंत्रणा नेमायला सांगितलं आणि तिनं कळवल्यावर ३६ तासांत मजकूर काढण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०१७ मध्ये तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवून याचिका निकाली निघाली.

मला यातलं एक टोक अजूनही टोचतं. ‘गर्भलिंग’ हा शब्द जाहिरात करणाऱ्या दवाखान्याचा आहे, तसाच तो गावोगाव फिरणाऱ्या आशाताईचाही आहे आणि त्यावर बातमी करणाऱ्या पोराचाही. शब्द अडवला तर तिघेही अडतात. न्यायालयानंही मधे एकदा स्पष्ट केलं होतं की बंदी माहितीवर नाही, जाहिरातीवर आहे. हा फरक यंत्राला कसा कळावा, हे माझ्यासारख्यांच्या डोक्याला खाद्य. पण ‘यंत्र जे आहे ते दाखवतं’ हे वाक्य इंजिनिअर म्हणून मला मान्य होण्यासारखं नाही. वर काय येणार याचं सूत्र कुणीतरी लिहितं. त्या सूत्राला काय आवडतं हे ओळखून दुसरा कुणीतरी पानाचं नाव, फोटोचं ऑल्ट आणि लिंकवरचे शब्द बेततो. सीताफळवाल्यानं जे मागितलं तेच. दोन्ही टोकांना पगारी माणसं बसलेली असताना मधल्या वस्तूवर सगळं ढकलणं, याला आमच्याकडे दुसरा शब्द आहे, तो इथं नको.

याच्या अगदी उलट मोहही होतो. पुण्यात नवीन ऑफिसात गेलं की कुणीतरी विचारतं, “गाव कुठलं?” बीड म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते सर्चच्या पहिल्या पानाचंच प्रतिबिंब असतं. गुन्हे, दुष्काळ, मुलींचा आकडा. (मराठीत नुसतं ‘बीड’ शोधलं तर मधेच बिडाचा तवाही येतो, तेवढाच दिलासा.) मग गावाकडच्या पोरांच्या ग्रुपवर टूम निघते. चला, कपिलधार, सौताडा, नायगावचं मोरांचं अभयारण्य, खजाना विहीर यांचे फोटो टाकू, एकमेकांना लिंक देऊ, चांगलं वर आणू. मला ही टूम आवडते. खजाना विहिरीचा चांगला फोटो, खऱ्या माहितीसह, वर यायलाच हवा. खऱ्यातलं काय आधी सांगायचं हे निवडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. आई पाहुण्यांना आधी पहिला आलेला मुलगाच दाखवते.

पण एकदा कुणीतरी लिहिलं की यामुळे ‘ते सगळं’ दुसऱ्या पानावर जाईल. तिथं मला थांबावंसं वाटतं. विहीर वर आली म्हणून ८०७ खाली गेलं तर ठीक. ८०७ खाली जावं एवढ्यासाठी विहिरीचे तेच पाच फोटो पन्नास पानांवर चिकटवायचे, हे मला वेगळं वाटतं. कृती दिसायला जवळजवळ सारखी आहे. पहिल्यात आपल्याला विहीर दाखवायची असते. दुसऱ्यात विहिरीचं आपल्याला काहीच नसतं, ती फक्त झाकणाला हवी असते. हेतूवरून एवढा फरक करणं काहींना हवेतलं वाटेल. पण फोटोखालच्या मजकुरात तो लगेच उतरतो. दाखवायचं असलं की माणूस लिहितो : जमिनीखाली उतरणारी दगडी विहीर, निजामशाहीच्या काळातली. झाकायचं असलं की लिहितो : बीड, बेस्ट बीड, सुंदर बीड.

आता तो फोटो, ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो.

ऊसतोडीवरच्या एका लेखासाठी वेबसाइटचं काम चाललं होतं. फोटोत एक बाई आहे, डोक्यावर उसाची मोळी, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढतेय. मागे वाढ्यांचा ढीग. २०१६ पासून फेसबुकसारख्या ठिकाणी यंत्रच फोटोचं वर्णन करू लागलंय. सुरुवातीच्या यंत्रानं इथं सांगितलं असतं : एक व्यक्ती, घराबाहेर, गवत. गंमत म्हणजे ऊस हे शास्त्रानं गवतच आहे, त्यामुळे यंत्र चुकलेलं नसतं. आजची यंत्रं जास्त सांगतात, ऊस ओळखतात, कोयता ओळखतात. पण त्यांना कोयता म्हणजे हत्यार. आमच्याकडे मुकादम विचारतो, “किती कोयते आहेत?” तेव्हा तो हत्यारं मोजत नसतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते. एकटा माणूस अर्धा कोयता. या फोटोतल्या बाईचं वर्णन ‘अर्धा कोयता’ असं हिशेबात होतं आणि ‘ऊसतोड महिला’ असं बातमीत.

गौतमाच्या न्यायदर्शनात शब्द हे ज्ञानाचं एक साधन मानलंय, पण कुणाचाही शब्द नव्हे. आप्ताचा शब्द. आप्त कोण, याचं वात्स्यायनानं भाष्यात केलेलं वर्णन मला फार आवडतं. ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. ऋषी असो की म्लेच्छ, लक्षण एकच. ऑल्ट टेक्स्टसाठी याहून चांगली व्याख्या मला कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत सापडलेली नाही. आणि या व्याख्येनं पाहिलं तर या फोटोची आप्त ती बाईच आहे. मी नाही, यंत्र तर नाहीच.

लेखाचा एक भाग गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर होता. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या या बातम्या सगळीकडे गेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समितीही नेमली. विषय खरा आणि गंभीर. त्यामुळे सूचना आली की फोटोच्या ऑल्टमध्ये ‘बीड गर्भाशय शस्त्रक्रिया पीडित महिला’ असं टाका, लोक हेच शोधतात. सूचना देणारा माणूस भला होता. त्याला तो लेख जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचायला हवा होता, आणि मलाही. पण फोटोतल्या बाईवर अशी शस्त्रक्रिया झाली होती की नाही हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. फोटो काढणाऱ्यालाही नसावं. सीताफळाच्या खोट्या नावानं गिऱ्हाईक फसतं. इथं खोटं त्या बाईच्या पोटाबद्दल होतं. पानावर ते दिसलं नसतं. तिनं ते कधी वाचलंही नसतं. पण ते शब्द शोधणाऱ्या प्रत्येकाला तिचा चेहरा दिसला असता, आणि फोटो उचलून दुसरीकडे लावणाऱ्यानं ते शब्दही सोबत नेले असते. काही वर्षांनी तिच्या मुलीनं मोबाइलवर काही शोधलं असतं, तर?

मी सांगितलं की हे शब्द लेखाच्या शीर्षकात आहेत, मजकुरात आहेत, आणि ते तिथं खरे आहेत. फोटोत नाहीत. त्यावर थोडी ओढाताण झाली. कुणीतरी म्हणालं, मग ऑल्ट रिकामं सोडा, नियमात बसतं. नुसत्या शोभेच्या चित्राला रिकामं ऑल्ट द्यायचं असतं, म्हणजे स्क्रीन रीडर गप्प राहून पुढे जातो. पण ती बाई शोभेची नव्हती.

शेवटी ऑल्टमध्ये गेलं ते असं : “डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढणारी एक बाई. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार. नाव नोंदवलेलं नाही.” शेवटच्या तीन शब्दांवर कुणी कधी काही शोधणार नाही.